सैरंध्रीचें अरण्य

केरळ राज्याच्या पालक्काड जिल्ह्यांत, निलगिरी पर्वताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत एक अरण्य आहे. इंग्रजींत त्यास 'सायलेंट व्हॅली' म्हणतात. तिकडील जुनें नांव 'सैरंध्रीवन'. मूळ राष्ट्रीय उद्यानाचें क्षेत्र अवघें ८९.५२ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या तालुक्याच्या कोपऱ्यांत सहज मावेल एवढें. परंतु स्वतंत्र भारताच्या इतिहासांत या लहानशा दरीस जें स्थान आहे, तें कित्येक मोठ्या शहरांसहि नाहीं. मंजूर झालेलें, कामास हात घातलेलें एक धरण केवळ अरण्य राखण्याकरितां सोडून द्यावें, ही गोष्ट आपल्या देशांत इतक्या ठळकपणें प्रथम येथेंच घडली.

इतिहास शिकविण्याच्या आमच्या व्यवसायामुळें गड, लेणीं, समाध्या आणि रणभूमि आम्हीं पुष्कळ पाहिल्या आहेत. परंतु एखादें अरण्य ऐतिहासिक स्थळ म्हणून पाहावयास जावें, असें आमच्या मनांत वयाच्या पन्नाशीपर्यंत कधीं आलें नव्हतें. गेल्या माघांत कुटुंबासह तो योग आला, आणि तेथें जें पाहिलें व त्यानिमित्त जें वाचलें, तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

मन्नारक्काड गांवाहून अट्टप्पाडीचा घाट चढूं लागलें कीं रबराच्या व सुपारीच्या बागा मागें पडतात. मुक्काली येथें आपलें वाहन ठेवावें लागतें. तेथून पुढें सैरंध्रीपर्यंतचे २३ किलोमीटर वनखात्याच्याच गाडींतून आणि वाटाड्या बरोबर घेऊनच जावें लागतें. उद्यानाचा फार थोडा भाग पाहुण्यांस खुला आहे. आमचा वाटाड्या मुडुगर जमातीचा, वयानें तिशीच्या आंतला होता. मुडुगर, इरुळर व कुरुंबर हे अट्टप्पाडीचे मूळचे रहिवासी. तो मोडक्या हिंदींत बोले, पण त्याचे कान आणि डोळे मात्र कोठेंहि मोडके नव्हते. गाडीच्या आवाजांतहि तो एकाएकीं हात वर करी, गाडी थांबे, आणि जेथें आम्हांस नुसता हिरवा काळोख दिसत होता, तेथें तो बोटानें एकेक जीव दाखवी.

सह्याद्रीचें रान पाहिलेल्या माणसास येथें प्रथम जाणवतो तो उजेडाचा अभाव. आमच्याकडील पानगळीचें रान माघांत विरळ व पिवळट होऊं लागतें. येथें भर दुपारीं संध्याकाळ झाल्यासारखें वाटतें. झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले, त्यांखालीं दुसरा थर, त्याखालीं तिसरा, आणि अगदीं तळाशीं कुजणाऱ्या पानांचा ओला गालिचा. त्या गालिच्यावर पाऊल ठेवतांच जळवा कोठून येतात तें कळत नाहीं. आमच्या कुटुंबानें मोज्यांवर तंबाखूची पूड चोळण्याची युक्ति कोणाकडून तरी शिकून घेतली होती, तिचा बराच उपयोग झाला. भीमाशंकरास जो शेकरू आपण पाहतों, त्याचा येथील भाऊबंद आम्हांस दोनदां दिसला. काळें निलगिरी वानर दिसलें. राजधनेश पक्षी दिसला नाहीं, परंतु त्याच्या पंखांचा, दमेकऱ्याच्या श्वासासारखा आवाज डोक्यावरून गेला. हत्ती, गवे व वाघ या रानांत आहेत. त्यांच्या केवळ खुणा पाहून आम्हीं समाधान मानलें.

ज्याच्यासाठीं आम्ही मुख्यत्वें गेलों होतों, त्या सिंहपुच्छ माकडाची टोळी मात्र परतीच्या वाटेवर भेटली. अंग काळें कुळकुळीत, तोंडाभोंवतीं राखी रंगाची आयाळ, आणि शेपटीच्या टोकाशीं सिंहाच्या शेपटीसारखा लहानसा गोंडा. हा प्राणी जगांत केवळ पश्चिम घाटांत आढळतो, आणि तेथेंहि कर्नाटकांतील शरावती-अघनाशिनीच्या परिसरापासून दक्षिणेकडेच. टोळींतील चारपांच जण एका उंच झाडाच्या बुंध्यालगत व जाड फांद्यांवर लागलेलीं फुलें ओरबाडून खात होते. वाटाड्यानें झाडाचें नांव सांगितलें, 'वेडिप्लावु'. या झाडास पाकळ्यांचीं फुलें येत नाहींत. मांसल पुष्पकोशांचे घोस खोडास चिकटून येतात, आणि रानांत इतर खाद्याची टंचाई असते त्या दिवसांत माकडें, खारी व वटवाघळें त्यांवर जगतात. पुढें त्यास काटेरी फळें धरतात, तींहि हीं माकडें सोडीत नाहींत. या एका झाडाचा आणि एका माकडाचा संबंध पुढें राजधानींतील समित्यांपुढें चर्चेचा विषय व्हावयाचा होता.

सैरंध्री येथें सुमारें शंभर फूट उंचीचा एक मनोरा आहे. त्यावर चढलें असतां खालीं कुंती नदीची दरी आणि पलीकडे निलगिरीचे उभे कडे दिसतात. नदी उत्तरेकडील उंच पर्वतांत उगम पावून दक्षिणेस वाहते, आणि पुढें तिचें पाणी भारतप्पुळा या केरळांतील मोठ्या नदीस मिळतें. मनोऱ्यावरून दिसणारी जी चिंचोळी जागा, तेथेंच धरण व्हावयाचें होतें. येथून आमच्या कथेस आरंभ होतो.

आधीं नांवाविषयीं थोडें. सैरंध्री म्हटलें कीं महाराष्ट्रांतील वाचकास खाडिलकरांचें 'कीचकवध' आठवल्यावाचून राहत नाहीं. विराटाच्या घरीं दासी होऊन राहिलेल्या द्रौपदीचें तें नांव, आणि नदी कुंतीच्या नांवाची. पांडव अज्ञातवासांत येथें आले होते, अशी स्थानिक समजूत आहे. सैरंध्रीचाच अपभ्रंश इंग्रजांच्या तोंडीं 'सायलेंट' झाला, असें कोणी म्हणतात. झाडांवर बसून किरकिरणारा कीटक, ज्यास आपण सैलपणें रातकिडा म्हणतों, तो या रानांत नसल्यामुळें इंग्रजांस दरी निःशब्द वाटली, असें दुसरे म्हणतात. आणि माकडाच्या 'सिलेनस' या शास्त्रीय नांवावरून दरीस नांव पडलें, असें तिसरे म्हणतात. यांपैकीं कोणतें खरें, याचा निकाल लावण्यास पुरेसा पुरावा नाहीं. आम्हांस मात्र तेथें किरकिर स्पष्ट ऐकूं आली, एवढें सांगणें भाग आहे.

१८४७ सालीं रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञानें या दरींत हिंडून वनस्पतींची पाहणी केली. १९१४ सालीं मद्रास इलाख्याच्या सरकारनें हें रान राखीव ठरविलें. राखीव याचा अर्थ त्या काळीं जिवांस अभय असा नव्हता. लांकूड सरकारचें, एवढाच होता. १९२७ पासून १९७६ पर्यंत येथील कांहीं भागांत निवडक झाडांची तोड होतच होती. तरी मुख्य रान टिकलें, याचें श्रेय मुख्यतः दरीच्या दुर्गमपणास द्यावें लागतें. तीन बाजूंनीं कडे, खालीं खोल घळ, आंत मनुष्यवस्ती नाहीं. अलीकडे अट्टप्पाडीच्या पूर्वभागांतील डोंगर उजाड होत गेले, आणि ही दरी जशीच्या तशी राहिली. पण जें दुर्गमपण लांकूडतोड्यास अडचणीचें, तेंच इंजिनियरास सोयीचें. उंच पठारावरून भरपूर पाणी अरुंद घळींत उतरतें, हें इंग्रज अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आलें होतें, आणि १९२८ सालींच सैरंध्रीची जागा वीजनिर्मितीकरितां हेरून ठेवण्यांत आली होती.

स्वातंत्र्यानंतर केरळ सरकारनें ही योजना हातीं घेतली, आणि १९७३ सालीं नियोजन मंडळानें तीस मान्यता दिली. सुमारें १३० मीटर उंचीचें धरण, प्रथम १२० मेगावॉट वीज, आणि खालच्या भागांत दहा हजार हेक्टर जमिनीस पाणी, असा तो बेत होता. हा बेत कोणा लोभी सावकाराचा नव्हता, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. मलबार हा भाग केरळांत मागासलेला. तेथें कारखाने थोडे, वीज थोडी, आणि शिकलेले तरुण कामावांचून बसलेले. केरळांतील जवळजवळ सर्व पक्ष धरणाच्या बाजूचे होते. बुडणारें रान ८३० हेक्टर, म्हणजे एकंदर दरीचा दहावा हिस्साहि नव्हे. एवढ्या अल्प किमतींत एवढें हित साधत असतां विरोध तो कशाचा, हा प्रश्न त्या काळीं पुष्कळ भल्या माणसांनीं विचारला, आणि प्रामाणिकपणें विचारला.

१९७६ सालीं केंद्र सरकारच्या पर्यावरणविषयक समितीनें पश्चिम घाटाच्या पाहणीकरितां एक अभ्यासगट नेमला. त्याचे प्रमुख मुंबईचे जाफर फतेहअली. या गटानें योजना सोडून द्यावी, असा अभिप्राय दिला. परंतु त्याबरोबर, सोडणें अगदींच अशक्य असेल तर अमुक सतरा पथ्यें पाळावीं, अशीहि पुस्ती जोडली. सभ्य माणसांच्या अहवालांत अशी पुस्ती नेहमींच असते, आणि राज्यकर्त्यांची दृष्टि प्रथम तिच्यावरच पडते. केरळ सरकारनें पथ्यें पाळण्याचें वचन दिलें, १९७९ सालीं तसा कायदाहि केला, आणि काम पुढें रेटलें. पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं विरोधकांच्या विनंत्या मान्य केल्या नाहींत.

इकडे अभ्यासकांचें काम चालू होतें. केरळ वनसंशोधन संस्थेच्या व्ही. एस्. विजयन् यांनीं दरींतील जीवसृष्टीची पाहणी केली. स्टीव्हन ग्रीन व कॅरन मिंकोव्स्की या अमेरिकन अभ्यासकांनीं सिंहपुच्छ माकडाचा अभ्यास करून या दरीचें महत्त्व दाखविलें. हें माकड क्वचितच जमिनीवर उतरतें. शेंड्यांवरून शेंड्यांवर जातें. रानाचा पट्टा मध्येंच तुटला तर टोळ्या एकमेकींपासून कायमच्या वेगळ्या पडतात, आणि मादीस पिल्लें फार अंतरानें होत असल्यामुळें घटलेली संख्या भरून येत नाहीं. 'दहावा हिस्सा' या हिशेबांतील चूक येथें उघड होते. बुडणारा भाग कडेचा नव्हता, नदीकांठचा होता. म्हणजे रानाचा पोटचा भाग. शिवाय धरण बांधावयाचें तर रस्ता आला, हजारों मजूर आले, त्यांचें सरपण आलें, आणि ज्या दुर्गमपणानें दरी राखली होती तें संपलें. १९७८ सालीं अश्काबाद येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या परिषदेनेंहि ही दरी राखावी असा ठराव केला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. सलीम अली यांनींहि आपलें वजन याच पारड्यांत टाकलें. धरणाच्या कैवाऱ्यांनीं मात्र सगळा वाद 'माणूस मोठा कीं माकड' एवढ्यावर आणून ठेवला.

या थट्टेस खरें उत्तर दिलें तें केरळांतील शिक्षकांनीं. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ सालीं स्थापन झालेली संस्था, विज्ञान मल्याळम् भाषेंत लोकांपर्यंत न्यावें या हेतूनें निघालेली. तिच्या पांच अभ्यासकांनीं योजनेचें परीक्षण करून एक पुस्तिका काढली. त्यांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम्. के. प्रसाद होते, तसेच एक अणुशास्त्रांतील इंजिनियर, एक विजेचे इंजिनियर, एक कृषितज्ज्ञ आणि एक अर्थशास्त्रज्ञहि होते. त्यांनीं माकडाची बाजू घेऊन माणसास दोष दिला नाहीं. माणसाच्याच बाजूनें हिशेब तपासला. या विजेनें मलबारचें दारिद्र्य खरोखर किती हटेल? राज्यांत निर्माण होणारी वीज मलबारांत नीट पोहोंचविण्यास लागणाऱ्या तारांवर खर्च केला तर काय साधेल? दुसरा मार्ग आहे काय? असे ते प्रश्न होते. परिषदेचे पुष्कळ सभासद डाव्या विचारांचे, आणि डावे पक्ष धरणाच्या बाजूचे. तेव्हां या मंडळींस आपल्याच माणसांचा रोष पत्करावा लागला. त्यांच्याबरोबर कवि व लेखक उभे राहिले. सुगतकुमारी यांची वृक्षस्तुतीची कविता या चळवळीच्या सभांतून प्रार्थनेसारखी म्हटली जाऊं लागली. शास्त्रज्ञांच्या आंकड्यांस काव्याची आणि कवींच्या भावनेस आंकड्यांची साथ मिळावी, असा योग आमच्या देशांत फार वेळां आलेला नाहीं.

पुढील घटना झपाट्यानें घडल्या. १९७९ सालीं चरणसिंग पंतप्रधान असतां प्रश्न पुन्हां विचारांत घेतला गेला. डॉ. एम्. एस्. स्वामिनाथन् यांनीं दरी पाहून, तिच्यासह आजूबाजूचीं रानें मिळून ३८९.५२ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय वर्षावन राखावें, अशी सूचना केली. १९८० च्या आरंभीं केरळ उच्च न्यायालयानें धरणाविरुद्धची याचिका फेटाळली. त्याच महिन्यांत इंदिरा गांधी पुन्हां अधिकारावर आल्या, आणि त्यांनीं काम थांबविण्यास सांगितलें. त्या वर्षाच्या अखेरीस राज्य सरकारनें दरी राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर केली, पण धरणाची जागा वगळून! घर राखावें आणि देवघर पाडावें, असा तो प्रकार होता. मग प्रा. एम्. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र व राज्य यांची संयुक्त समिति बसली. तींत आमच्या पुण्याचे माधव गाडगीळ हेहि सभासद होते. समितीचा अहवाल आल्यावर १९८३ सालीं योजना सोडून देण्यांत आली. १५ नोव्हेंबर १९८४ रोजीं संपूर्ण दरी राष्ट्रीय उद्यान झाली. तत्पूर्वीं पंधराच दिवस, ३१ ऑक्टोबर रोजीं, इंदिरा गांधींची हत्या झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजीं राजीव गांधींच्या हस्तें उद्यानाचें उद्घाटन झालें.

येथें कथा संपवावी, असा मोह होतो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें विजयाचीं कारणें निष्ठुरपणें तपासलीं पाहिजेत. दरी वांचली ती केवळ न्याय्य होती म्हणून नव्हे. पैशाच्या टंचाईमुळें १९७३ नंतर तीनएक वर्षें कामच सुरू झालें नाहीं, आणि तेवढ्या अवधींत विरोध उभा राहिला, हा दैवयोग. दिल्लींत अनुकूल व्यक्ति अधिकारावर आली, हाहि दैवयोग. आणि तिसरें कारण असें, कीं दरींत मनुष्यवस्ती नव्हती. धरण झालें असतें तरी गांवें उठलीं नसतीं, आणि धरण रद्द झाल्यानेंहि कोणाचें घर गेलें नाहीं. पण दैवानें दार उघडलें तरी आंत जावयास माणूस तयार असावा लागतो. ती तयारी त्या पुस्तिकेनें, त्या पाहण्यांनीं व त्या कवितांनीं केली होती. आणि मिळालेला जय कायमचा नसतो. नव्या शतकाच्या आरंभीं उद्यानाच्या खालच्या अंगास, पात्रक्कडवु येथें, दुसऱ्या धरणाची योजना पुढें आली. तेव्हां पुन्हां वाद झाला, आणि २००७ सालीं उद्यानाभोंवतीं १४८ चौरस किलोमीटरांचा संरक्षक पट्टा ठरविण्यांत आला.

त्या रात्रीं आम्ही मन्नारक्काड येथील एका साध्या खानावळीच्या माडीवर उतरलों होतों. दिवा होता, पंखा फिरत होता. दिवसभर ऐकलेल्या कथेचा विचार करीत बसलेली आमची धाकटी कन्या एकाएकीं म्हणाली, "बाबा, धरण झालंच नाही, तर ही वीज कुठून आली?" आम्हीं सांगितलें, दुसऱ्या कोठल्या तरी धरणांतून, नाहींतर कोळशांतून. "म्हणजे तिथलं रान गेलंच ना?" यावर आम्हांस लगेच उत्तर सुचलें नाहीं.

आमचें घर साताऱ्याचें. ज्या दिव्याखालीं आम्ही हा लेख लिहीत आहों, त्यांत कोयनेच्या पाण्याचा वांटा आहे. कोयनेचें धरण १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत उभें राहिलें. शिवसागर जलाशयाखालीं रान गेलें, आणि रानाबरोबर गांवें गेलीं. तेथें कोणी पुस्तिका काढली नाहीं, कविता म्हटली नाहीं. पुढें १९८५ सालीं जलाशयाभोंवतींचें उरलेलें रान अभयारण्य झालें, चांदोलीचेंहि झालें, आणि त्या रानासाठीं पुन्हां कांहीं गांवें उठलीं. एकाच मुलखास प्रथम विजेसाठीं आणि मग वाघासाठीं जागा सोडावी लागली. २०१२ सालीं पश्चिम घाटांतील ३९ स्थळें जागतिक वारसा म्हणून मान्य झालीं, तेव्हां सायलेंट व्हॅली आणि कोयना हीं दोन्हीं नांवें एकाच यादींत आलीं. यादींत नांवें शेजारीं आलीं, तरी त्यांचा इतिहास निराळा आहे.

कोयना होऊं नये होती, असें म्हणण्याचा आमचा अधिकार नाहीं. तिच्या उजेडांत आम्ही शिकलों आणि शिकविलें. पण एक गोष्ट कबूल करावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं 'स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राची प्रगति' या विषयावर आम्हीं वर्गाकडून निबंध लिहून घेतला होता. एका विद्यार्थ्यानें कोयनेचे सगळे फायदे क्रमवार, आम्हीं सांगितले होते तसेच लिहिले, आणि शेवटीं एक ओळ जोडली: "आमच्या आजोबांचें गांव त्या पाण्याखालीं आहे." त्या ओळीखालीं तांबड्या शाईनें आम्हीं 'विषयांतर' असें लिहिलें, आणि दोन गुण कापले.

सैरंध्रीच्या मनोऱ्यावर उभें राहून खालची नदी पाहतांना तो तांबडा शेरा आम्हांस आठवला. त्या पांच अभ्यासकांनीं केलें तें एवढेंच, कीं लाभाच्या यादीसमोर हानीची यादी मांडली, आणि दोहोंची बेरीज होईपर्यंत सही करूं नका, असें सांगितलें. हें काम इतिहासाच्या शिक्षकाचेंहि होतें, आणि आम्हीं तें केलें नाहीं. उलट एका मुलानें आपण होऊन केलें, तर त्याचे गुण कापले. त्या विद्यार्थ्याचें नांव आतां आम्हांस आठवत नाहीं. त्याची ओळ मात्र आठवते, आणि यंदा कोयनेचा धडा आला म्हणजे ती आम्ही फळ्यावर लिहिणार आहों.